आधी शर्टाचं बटण

१. आंब्याच्या झाडावरून पडलो, मान मोडली. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "चालायला कधी लागणार?" पहिली दोन वर्षं मीही डॉक्टरांना हेच विचारून भंडावलं. आता म्हणतो, आधी शर्टाचं बटण लावता येऊ दे.

२. बोटं माझ्या हुकमात नाहीत. पण मनगट वर उचललं की ती आपसूक मिटतात. तेवढ्यावर मी पेला उचलतो. चहा अर्धाच घालायचा, हा आमच्या घरातला नियम.

३. अमेरिकेत किम अँडरसन या संशोधक बाईंनी, ज्यांना स्वतःलाही मज्जारज्जूची दुखापत आहे, ६८१ रुग्णांना विचारलं: काय परत मिळालं तर जगणं सर्वांत जास्त सुधारेल? निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. हातपाय दोन्ही गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हात मागितले. नुसते पाय गेलेल्यांच्या यादीत सर्वांत वर काय होतं? लैंगिक क्षमता. वाचून आधी हसू आलं, मग गप्प झालो. वॉर्डात हा विषय आम्ही दिवे मालवल्यावरच काढायचो. दिवसा कुणी विचारलंच नाही.

४. लघवीची पिशवी बातमीत येत नाही. एका दुपारी डोकं फुटेल असं दुखायला लागलं, चेहऱ्यावर घामाच्या धारा, बीपी भलतंच वर. दवाखान्यात गोळ्यांची चर्चा चालली होती. आईने चादर उचलली, तर मांडीखाली कॅथेटरची नळी मुडपलेली! लघवी तुंबली की मानेच्या दुखापतीत बीपी असं उसळतं, जिवावरही बेतू शकतं. आता माझं डोकं दुखलं की घरात आधी नळी बघतात.

५. पट्ट्यांना लटकून चार पावलं टाकणाऱ्या माणसाचा व्हिडिओ मला किमान दहा जणांनी पाठवला असेल. राग नाही, चालणं कॅमेऱ्यात दिसतं, मूत्राशय दिसत नाही.

६. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हातांसाठीच्या एका यंत्राला परवानगी दिली. ऑपरेशन नाही, मानेच्या त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून वीज द्यायची, सोबत हातांचा व्यायाम. चाचणीतल्या ६० जणांपैकी ७२ टक्क्यांच्या हातांची ताकद आणि काम दोन्ही सुधारलं. मज्जारज्जू पूर्ण निकामी न झालेल्यांसाठीच आहे, आणि मला उपयोग होईल का, देव जाणे. पण ही बातमी मला एकानेही पाठवली नाही. मीच सगळ्यांना पाठवली, करंगळीच्या पेराने एकेक अक्षर दाबत. पाऊण तास लागला.