‘मिस्सा’ : एका धातुसाधिताचा बोध

वसईपासून जबलपूर जिल्ह्यातील सिहोऱ्यापर्यंत मराठी व हिंदी कॅथलिक ज्या उपासनेला ‘मिस्सा’ म्हणतात, तिचे हे नाव मुळात लॅटिन धातुसाधित आहे. कोकणात ते पोर्तुगिजांबरोबर आले.

‘मित्तेरे’ म्हणजे पाठविणे. त्याचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित ‘मिस्सुस, मिस्सा, मिस्सुम’ असे तिन्ही लिंगांत, आणि विशेष्याप्रमाणे वचन व विभक्ती बदलून चालते. जसे आपले पाठविलेला, पाठविलेली, पाठविलेले. ‘प्रेषित’ हा संस्कृत शब्दही याच घडणीचा व याच अर्थाचा आहे.

लॅटिन विधीच्या शेवटी ‘इते, मिस्सा एस्त’ या शब्दांनी लोकांना निरोप देतात. येथील स्त्रीलिंगी रूपाशी ‘सभा’ हे नाम अध्याहृत आहे, असे काहींचे मत. पुष्कळ अभ्यासक मात्र ‘मिस्सा’ हे उत्तरकालीन लॅटिनमधील ‘निरोप’ या अर्थाचे नामच मानतात. निरोपाचा शब्द पुढे सबंध उपासनेचे नाव झाला.

आता योहान ९:७ उघडा. शिलोह या नावाचा अर्थ जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ‘मिस्सुस’, म्हणजे ‘पाठविलेला’, असा दिला आहे. आंधळा आज्ञेप्रमाणे तेथे गेला व डोळस होऊन परतला.

कर्मणि रूपात कर्ता दुसरा असतो. पाठविलेला स्वतःच्या इच्छेने निघत नाही; पाठविणाऱ्याचे काम घेऊन निघतो. म्हणून उपासना संपली की कर्तव्य संपले, असे समजू नका. मंदिराबाहेर पाऊल टाकताना स्वतःस विचारा : मी नुसता घरी चाललो आहे, की पाठविला गेलो आहे?