हा पैसा येतो कुठून, हे विचारा

मी यंदा बी.कॉम. झालो. हिवरा आश्रमजवळच्या गावातून मेहकरला एसटीने जाऊन-येऊन शिकलो. आमच्याकडे वाणिज्य शाखेला जाणाऱ्या पोरांच्या घरी दुकान असतंच असं नाही, शेती मात्र असते. माझ्यासारखे अनेकजण घरातले पहिले पदवीधर. कॉलेजात काय कमवायचं हे सांगणारं घरात कोणी नसतं, आणि बाहेर सांगणारे मात्र पुष्कळ भेटतात. त्यांतल्या काहींनी माझ्या बरोबरीच्या मुलांचं फार नुकसान केलं. पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या आईबापांसाठीही, हे लिहितो आहे.

या तीन वर्षांत माझ्यात काय बदललं, तर मला हिशेब विचारता येऊ लागला आणि देताही येऊ लागला. इंग्रजी थोडी सुधारली, चारचौघांत बोलायची भीती गेली, हे सगळं झालं. पण ते त्यामागून आलं.

आधी नुकसानीचं सांगतो. दुसऱ्या वर्षाला असताना एसटीत माझ्या शेजारी बसणारा मित्र एका ‘बिझनेस सेमिनार’ला घेऊन गेला. त्याला कॉलेजातल्याच एका सीनियरने बोलावलं होतं. शहरातलं मंगल कार्यालय, दारात हात मिळवणारी ब्लेझर घातलेली पोरं, मोठ्या आवाजातलं संगीत, दर दोन वाक्यांनी टाळ्या. मंचावरचा माणूस आमच्याच वयाचा होता. बाप शेतात राबून म्हातारा झाला, तुम्हीही तसेच होणार का, असं त्याने विचारलं तेव्हा सगळं सभागृह गप्प झालं. हा प्रश्न आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात आधीपासून असतो, हे त्यांना ठाऊक असतं. मग योजना आली. पंधरा हजारांची वस्तूंची पेटी घ्यायची, खाली पाच माणसं जोडायची, त्या पाचांनी प्रत्येकी पाच जोडायची.

खर्च लेखांकनाच्या तासाला आमचे सर प्रत्येक उदाहरणात एक प्रश्न विचारायचे: पैसा आला कुठून? त्या सवयीने मी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. पाच, पंचवीस, सव्वाशे, सहाशे पंचवीस. असं करत दहाव्या पायरीला 97 लाख 65 हजार 625 माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजारांच्या आसपास होती. तान्ही लेकरं आणि म्हातारी माणसं धरली तरी दहावी पायरी भरत नाही. म्हणजे वरच्यांना मिळणारा पैसा माल विकून येत नाही, तो खालून नव्याने शिरणाऱ्याच्या खिशातून येतो, आणि शेवटी शिरलेले सगळे बुडतात. हे गणित मी मित्राला परतीच्या गाडीत दाखवलं. तो म्हणाला, “तू निगेटिव्ह विचार करतो.” प्रश्न विचारणाऱ्याला हेच म्हणायचं, असं तिथे शिकवलं होतं.

त्याने घरी संगणकाच्या कोर्सची फी म्हणून पैसे मागितले. वडिलांनी हरभऱ्याच्या पैशातून दिले. पाच माणसं बाहेर मिळेनात, म्हणून त्याने आधी मामेभाऊ जोडला, मग आतेभाऊ, मग चुलत बहिणीचा नवरा. काही महिन्यांत सगळं ठप्प झालं. पंधरा हजार गेले त्याचं दुःख एका हंगामात विसरलं असतं. पण त्याने नात्यातल्या लग्नांना जाणं सोडलं, कारण पंगतीला शेजारी बसणारा कोणीतरी पैशाचं विचारील ही धास्ती. कॉलेजात त्या सीनियरची आणि आमचीही नजर चुकवू लागला. तिसऱ्या वर्षाचा परीक्षा अर्ज त्याने भरलाच नाही. वडिलांना खरी गोष्ट बाहेरून कळली, आणि त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते तेच.

अशा साखळ्यांविरुद्ध आपल्या देशात 1978 पासून कायदा आहे. पैसे फिरवणाऱ्या योजना चालवणं, त्यांचा प्रचार करणं आणि त्यांत सभासद नोंदवणं हा त्यात गुन्हा आहे. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आणले. त्यांतही पिरॅमिड योजनांना बंदी आहे. आपण भावाला सभासद करतो तेव्हा आपण केवळ फसलेले राहत नाही, फसवणाऱ्यांत जमा होतो, हे कोवळ्या पोरांना कोणी सांगत नाही.

माझं खरं शिक्षण मात्र बापाच्या सोयाबीनच्या पट्टीवर झालं. 2024 च्या दिवाळीआधी आम्ही वीस क्विंटल सोयाबीन विकलं. भाव मिळाला 4,100. त्या हंगामाचा हमीभाव होता 4,892. मी पट्टी हातात घेतली: वजन, भाव, हमाली, तोलाई, शेवटी हाती येणारी रक्कम. बाबा म्हणाले, “पट्टीत काय पाहतो, पैसे मोज.” मी घरी येऊन दोन्ही भावांतला फरक काढला. क्विंटलमागे 792, वीस क्विंटलचे 15,840 रुपये. मित्राने त्या पेटीला दिले, जवळपास तेवढेच.

आधी वाटलं, बाबांना व्यवहार कळत नाही. मग त्यांच्याजवळ बसून विचारत गेलो. हमीभावाच्या केंद्रावर आधी नोंदणी, सातबाऱ्यावर पिकाची नोंद, आणि मालात ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. त्या वर्षी सरकारने ही अट पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली, तीही नोव्हेंबरात. तोवर मळणीवाल्याचे पैसे द्यायचे होते, मजुरी थकली होती, हरभऱ्याचं बी आणायचं होतं. घरात रोकड नव्हती, म्हणून माल स्वस्तात गेला. ज्या गोष्टीला पुस्तकात खेळतं भांडवल म्हणतात ती आमच्या ओसरीत बसली होती, आणि मी ती दोन वर्षं नुसती पाठ करत होतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना मला तेव्हा कळली. गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने कर्ज. भाव चढेलच याची खात्री ती देत नाही, पण दिवाळीच्या तोंडावर विकायची घाई टळू शकते. बाबांना ते पटलं. त्या दिवसापासून घरात पट्टी आली की ते आधी माझ्याकडे देतात. पदवीच्या कागदाइतकंच मला त्याचं मोल आहे.

हिशेब द्यायचा कसा, हे मी आश्रमात शिकलो. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमात दर पौषात विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. शेवटच्या दिवशी लाखाहून अधिक माणसं शेतात ओळीने बसतात, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. तिथे वाढायला उभं राहिलं की एक गोष्ट पक्की कळते. भाजी संपत आली तर ती संपण्याआधी ओरडून सांगावं लागतं. बादलीत चार पळ्या असताना सांगितलं तर दुसरी ट्रॉली येते. मान खाली घालून वाढत राहिलं, तर तळ लागल्यावर पुढची सगळी ओळ कोरड्या पुऱ्या घेऊन बसते. कमी पडतंय हे वेळेवर सांगण्यात लाज नसते, ती जबाबदारीच असते. माझ्या मित्राला कोणी इतकंच शिकवलं असतं, तर तो पहिल्या महिन्यातच वडिलांशी बोलला असता.

म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना माझं सांगणं असं.

घरचा व्यवहार आधी वाचा. पट्टी, बँकेचं पासबुक, पीककर्जाचा कागद, खताच्या दुकानाची उधारीची वही. जमाखर्चाचा धडा तिथे लावून पाहा. आईलाही त्यात बसवा. बचत गटाचं रजिस्टर भरणाऱ्या आया आपल्यापेक्षा पक्का हिशेब ठेवतात.

नोकरी किंवा धंदा देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, त्याच्यापासून लांब राहा. कमाई माल विकून होते की माणसं जोडून, एवढं विचारा. उत्तराऐवजी भाषण मिळालं, तर उठून या. लेखी करार आणि माल परत करायची मुदत मागा. देत नसतील तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

कॉलेजात एकतरी असं काम अंगावर घ्या ज्यात दुसऱ्याचा पैसा आहे. सहलीची वर्गणी, स्नेहसंमेलनाचा खर्च, गावातल्या गणेश मंडळाची वही. शेवटी सगळ्यांसमोर पावत्यांसह हिशेब वाचून दाखवा. चारचौघांत बोलायची भीती माझी तिथेच गेली, कारण बोलायला हातात काहीतरी खरं होतं. भाषणकलेच्या महागड्या वर्गांना पैसे घालण्याआधी हे करून पाहा.

आणि फसलात, तर त्याच दिवशी घरी सांगा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. साखळी योजनेची तक्रार पोलीस ठाण्यात करा. आईबापांनाही हात जोडून विनंती आहे. पोरगं सांगायला आलं तर आधी पूर्ण ऐकून घ्या, रागवायला पुढे वेळ आहे. गेलेला पैसा पुढच्या पिकाला भरून काढता येतो. घाबरून गप्प बसलेलं पोरगं परत कॉलेजात आणणं फार अवघड असतं. माझा मित्र अजून आलेला नाही. त्याचा अर्ज येत्या सत्रात भरायचाच, असं आम्ही वर्गातल्यांनी ठरवलं आहे. तुमच्या वर्गात असा कोणी असेल, तर त्याच्या घरी आजच जा.