भरल्या गाडीचे टायर

बाळा, पिकअप दारात लागून आठ दिवस झाले नाहीत तोच तू मोठ्या टायरांचा भाव काढून आलास, असं तुझी आई सांगत होती. टाक, मी अडवणार नाही. पण नारायणगावातून टोमॅटो भरून माळशेज उतरून वाशी गाठण्यात मामाची सत्तावीस वर्षं गेली, तेव्हा चार गोष्टी ऐकून मग पैसे मोज.

पहिलं, गाडी कुठं आणि कशी अडते ते नीट बघ. पोट टेकून अडते, की चाक जागच्या जागी फिरतं? मागचा डिफ्रेन्शियलचा गोळा मधल्या उंचवट्यावर टेकत असेल, तर उंच टायराचा उपयोग होतो. पाटे वाढवले तर चासी वर जाते, गोळा तिथंच राहतो. त्याला उचलतं ते फक्त टायर. आता किती उचलतं, त्याचा हिशेब कर. समज, टायरवर 215/75 R15 लिहिलंय. रुंदी 215 मिलिमीटर, तिच्या 75 टक्के बाजूची उंची, आतली डिस्क 15 इंची. पूर्ण उंची भरते साधारण 703 मिलिमीटर. त्याऐवजी 235/75 R15 घेतलास तर 733. वाढले तीन सेंटिमीटर, पण गोळा वर जाणार त्याच्या निम्मा, दीड सेंटिमीटर. तेवढ्यानं तुमच्या शिवेवरची चाकोरी पार होणार आहे का, ते पट्टी घेऊन मोज.

आणि चाक फिरत असेल, तर दुखणं वेगळं आहे. आपली काळी माती पावसात टायरच्या नक्षीत गच्च बसते, मग नवाकोरा टायरही गोट्यासारखा घसरतो. रुंद टायर वाळूत तरंगतो, तिथं तो कामाचा. चिखलात अरुंद टायरच चिखल कापत खालच्या मुरमापर्यंत पोचतो आणि तिथं पकड घेतो. म्हणून माप तेच ठेव, नक्षी बदल. खोल आणि मोकळ्या खाचांची घे, म्हणजे फिरताना माती बाहेर फेकली जाते. तरीही वाफसा नसताना गाडी रानात घालू नकोस. क्रेट बांधापर्यंत डोक्यावर आणलेले परवडतात.

माझी चूक सांगतो. रिकाम्या गाडीला मोठे टायर बसवले, मडगार्डात चार बोटं जागा दिसली, मी खूश. दुसऱ्या दिवशी सत्तर क्रेट भरले, पाटे बसले, आणि घाटातल्या वळणावर पूर्ण कट घेताना करकर आवाज आला. वाशीला उतरून पाहिलं, तर पुढच्या डाव्या टायरचा आतला खांदा सोलून आतले धागे दिसत होते. महिन्याभराची कमाई तिथं गेली, आणि घाटात तो फुटला असता तर काय झालं असतं, हे आठवून अजून अंगावर काटा येतो. म्हणून माल भरून, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टेअरिंग तोडून, एक चाक दगडावर चढवून बघ. घासत असेल तर तो टायर घेऊ नकोस.

घाटाचंही ऐक. उंच टायर म्हणजे गाडीला कायम जरा वरचा गिअर टाकल्यासारखं. परतीला खताच्या गोण्या घेऊन माळशेज चढताना जिथं दुसऱ्यावर ओढायची, तिथं पहिला टाकावा लागेल, क्लच तापेल. भरून उतरताना ब्रेकवरही जास्त जोर येतो. मघाच्या त्या 235 च्या मापात काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी 62 च्या वर असेल. किलोमीटरही कमी नोंदले जातील, म्हणून ऑइल जरा आधीच बदलत जा.

मापाशेजारच्या भाराच्या आकड्यावर बोट ठेव. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 108 म्हणजे 1000. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जे माप आणि हवा दिली आहे, त्या मापाच्या मूळ टायरपेक्षा भाराचा आकडा खाली जाता कामा नये. दिसायला दणकट पण भाराला हलका टायर मालगाडीला लावणं म्हणजे जिवाशी खेळ. बाजूच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. जुना पडून राहिलेला माल परत कर.

कंपनीनं त्या गाडीला मंजूर केलेल्या मापाबाहेर जाऊ नकोस. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम मूळ गाडीत बदल करण्याबद्दलच आहे, आणि अपघातानंतर विमावाला आधी तेच उकरतो. स्टेपनीही त्याच मापाची घे, आणि ती खालच्या जागेत बसते का ते दुकानातच बघ.

टायर बसवलेस की रविवारी गाडी घेऊन ये, मी खडू आणून ठेवतो. भरल्या गाडीच्या टायरवर आडवी रेघ ओढू आणि पन्नास पावलं सरळ चालवू. रेघ मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. सारखी पुसली की तिथून थेट माल घेऊन निघ.