मदर कॅब्रिनी : परक्या देशातील संस्थाबांधणी

सन १८८० ते १९२० या चार दशकांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेच्या बंदरांत उतरली. बहुतेक दक्षिण इटलीतील भूमिहीन शेतमजूर, पुष्कळसे निरक्षर. रेल्वेमार्ग, बोगदे, खाणी आणि गोदी येथील सर्वांत जड व सर्वांत स्वस्त काम त्यांच्या वाट्याला आले. त्यांची भाषा हा चेष्टेचा विषय होता. त्यांच्याच धर्माच्या देवळांतही त्यांना वरच्या मुख्य दालनाऐवजी पुष्कळदा तळघरात प्रार्थना करावी लागे. या माणसांसाठी शाळा, अनाथाश्रम आणि रुग्णालये उभारणारी फ्रान्सेस झेवियर कॅब्रिनी ही धर्मभगिनी स्वतःही त्यांच्यासारखीच परकी होती. इंग्रजी न जाणणारी, हाताशी पैसा नसलेली आणि प्रकृतीने जन्मभर दुबळी.

त्यांचा जन्म १५ जुलै १८५० रोजी उत्तर इटलीतील लोंबार्डी प्रांतात, सांतांजेलो लोदिजानो या गावी शेतकरी कुटुंबात झाला. अपुऱ्या दिवसांच्या या मुलीची पुष्कळशी भावंडे बालपणीच दगावली. चरित्रकार सांगतात की, लहानपणी ती कागदाच्या होड्यांत फुले ठेवून त्या पाण्यात सोडी आणि ही फुले म्हणजे चीनला निघालेले धर्मप्रसारक असे म्हणे. एकदा ती स्वतःच पाण्यात पडली आणि पाण्याची जी भीती बसली ती पुढे कधी पुरती गेली नाही. अठराव्या वर्षी त्यांनी शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळविले. १८७० साली आईवडील दोघेही वारले. १८७२ मध्ये देवीच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांनाही देवी आल्या. धर्मभगिनी होण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली तेव्हा, ज्या संघाच्या शाळेत त्या शिकल्या त्याच संघाने प्रकृतीचे कारण सांगून त्यांना नकार दिला.

यानंतरचा प्रसंग संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. १८७४ मध्ये कोदोन्यो या गावच्या एका अनाथाश्रमाची घडी बसविण्यासाठी त्यांना पाठविण्यात आले. काम पंधरवड्याचे आहे, असे सांगितले होते. तेथे सहा वर्षे गेली. आश्रमाचा कारभार विस्कळीत होता, पैशांचा हिशेब नव्हता, आणि चालकबाईंच्या संतापाचा मारा मुलींवर व या नव्या शिक्षिकेवर सारखाच होत असे. आपल्यापैकी ज्यांचे बालपण वसतिगृहाच्या पंगतीत गेले आहे, त्यांना सांगावयास नको की ताटातील भाकरीइतकेच ती वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव मुलांच्या लक्षात राहतात. अनाथाश्रम कसा चालवू नये, याचे शिक्षण कॅब्रिनीबाईंना येथे मिळाले. माझ्या मते त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया हाच. शेवटी १८८० मध्ये बिशपांनी तो आश्रम बंद केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आश्रमातीलच सात सहकारिणींना घेऊन त्यांनी गावातील एका जुन्या, पडीक मठात आपला स्वतंत्र संघ स्थापन केला.

आपल्या नावात त्यांनी 'झेवियर' हे नाव जोडले ते संत फ्रान्सिस झेवियर यांच्यावरून. १५४२ साली गोव्यात उतरलेल्या आणि १५५२ साली चीनच्या उंबरठ्यावरील एका बेटावर मरण पावलेल्या या संताचे शव जुन्या गोव्यात आहे, हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे. त्यांचे अपुरे राहिलेले काम पुरे करण्यासाठी चीनला जावे, ही कॅब्रिनींची मनीषा होती. परंतु पिआचेंझाचे बिशप स्कालाब्रिनी यांनी अमेरिकेतील इटालियनांच्या दैन्याकडे त्यांचे लक्ष वेधले, आणि पोप तेरावे लिओ यांनी पूर्वेचा विचार सोडून पश्चिमेस जाण्याची आज्ञा केली.

३१ मार्च १८८९ रोजी सहा धर्मभगिनींसह त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यांच्यासाठी कसलीच सोय झालेली नव्हती. पहिली रात्र एका गलिच्छ खोलीत, बिछान्याला स्पर्श न करता, बसूनच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी आर्चबिशप कॉरिगन यांनी सांगितले की, नियोजित अनाथाश्रमाच्या जागेवरून मतभेद झाले आहेत, तेव्हा आपण परत जावे. सध्या येऊ नये असे त्यांचे पत्रही निघाले होते. पण ते कोदोन्योला पोहोचण्यापूर्वीच जहाज सुटले होते. कॅब्रिनींनी शांतपणे उत्तर दिले की, पोपमहाशयांनी येथे पाठविले आहे, तेव्हा येथेच राहू. आज्ञाधारकपणा हा धर्मसंघातील मोठा गुण मानतात. वरिष्ठाची आज्ञा पुढे करून कनिष्ठाची आज्ञा नम्रपणे बाजूस कशी सारावी, हे मात्र त्यांना चांगलेच अवगत होते.

इटालियन वस्तीतील एका देवळाच्या आश्रयाने शाळा सुरू झाली, पाठोपाठ अनाथाश्रमही. या धर्मभगिनी दारोदार फिरून पैसा, धान्य, जुने कपडे मागत. पुढच्याच वर्षी हडसन नदीच्या काठी वेस्ट पार्क येथे जेझुइट पंथीयांची मोठी मालमत्ता त्यांनी घेतली. तेथे पाण्याची टंचाई होती, म्हणून ती आवाक्यात आली. पुढे त्याच आवारात झरा सापडला. या झऱ्याला भाविक मंडळी चमत्कार मानतात. आपण एवढेच पाहावे की, इतरांनी टाकून दिलेली जागा पाहून या बाईंना आधी मुलांना खेळावयास किती मैदान मिळेल हे दिसले.

रुग्णालयाचे काम त्यांना मुळीच आवडत नसे. परंतु इंग्रजी न येणारा मजूर डॉक्टरांना आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगणार? इटालियनांसाठी काढलेले एक रुग्णालय कर्जात बुडाले, तेव्हा १८९२ मध्ये अवघ्या अडीचशे डॉलरांवर भाड्याच्या घरांत त्यांनी दहा रुग्णांची सोय केली. रुग्णांना खाटा मिळाल्या आणि धर्मभगिनी जमिनीवर झोपल्या. कोलंबसाच्या सफरीला त्या वर्षी चारशे वर्षे होत होती. म्हणून 'कोलंबस रुग्णालय' असे नाव दिले. भिकारडे समजल्या जाणाऱ्या इटालियनांना आपल्यातीलच एका सन्मान्य माणसाचे नाव दारावर वाचता यावे, हा त्यामागील हेतू असावा.

व्यवहारात त्या भोळ्या नव्हत्या. शिकागोत रुग्णालयासाठी एक जुने हॉटेल विकत घेताना त्यांनी भल्या पहाटे धर्मभगिनींकडून दोरीने जागा मोजवून घेतली आणि करारापेक्षा जमीन कमी दिली जात असल्याचे उघडकीस आणले, असे चरित्रांत नमूद आहे. बांधकामात ठेकेदारांनी खर्च फुगविला, तेव्हा त्यांना काढून टाकून त्या स्वतः मजुरांवर देखरेख करू लागल्या. हे रुग्णालय १९०५ मध्ये सुरू झाले. दानाचा पैसा म्हणजे दुसऱ्याचा घाम, ही जाणीव असल्याशिवाय असा काटेकोरपणा येत नाही.

न्यू ऑर्लिन्स शहरात १४ मार्च १८९१ रोजी, पोलीसप्रमुखाच्या खुनाच्या संशयावरून तुरुंगात असलेल्या अकरा इटालियनांना जमावाने तुरुंगात घुसून ठार मारले. पुढच्याच वर्षी कॅब्रिनींनी त्या शहरात आपले केंद्र उघडले. पुढे डेन्व्हरला खाणकामगारांच्या मुलांसाठी आणि सिअ‍ॅटलला अनाथांसाठी संस्था निघाल्या. १८९५ मध्ये त्यांनी खेचरावर बसून अँडीज पर्वत ओलांडला आणि त्या अर्जेंटिनात गेल्या. पाण्याची धास्ती असलेल्या या स्त्रीने अटलांटिक महासागर वीसहून अधिक वेळा पार केला! १९०९ मध्ये सिअ‍ॅटल येथे त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

त्यांचे कार्य धर्मनिरपेक्ष होते असे म्हणता येणार नाही. परदेशात आलेला इटालियन माणूस कॅथलिक श्रद्धेपासून ढळू नये, हा त्यांचा उघड उद्देश होता, आणि त्यांच्या शाळांत मुलांना तेच शिकविले जाई. ती श्रद्धा आपली नाही. तथापि अपमानित समाजाला त्याच्याच भाषेत शिकविणारी, त्याच्याच माणसांनी चालविलेली संस्था हवी, हा त्यांचा आग्रह समजून घेण्यास आपणांस अडचण पडू नये.

२१ डिसेंबर १९१७ रोजी, आजारी असतानाही, शिकागोच्या रुग्णालयात त्या नाताळसाठी शाळेतील मुलांच्या खाऊची तयारी करीत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांनी स्थापन केलेल्या संस्थांची संख्या सदुसष्ट होती. १९४६ मध्ये चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले. अमेरिकेच्या नागरिकांपैकी हा मान प्रथम त्यांनाच मिळाला. कोलोरॅडो राज्याने २०२० मध्ये कोलंबस दिनाची सुट्टी रद्द करून तिच्या जागी कॅब्रिनी दिन सुरू केला. चीनला मात्र त्या कधीच जाऊ शकल्या नाहीत. त्यांच्या संघाच्या धर्मभगिनी तेथे पोहोचल्या त्या १९२६ साली.