लेकराला लागलं तर पहिली दहा मिनिटं वस्तीची

मोठ्या माणसाला लागले तर काय करायचे, याची थोडीफार कल्पना आपल्या वस्त्यांत असते. लहान मूल जखमी झाले की मात्र सगळ्यांचे हातपाय गळतात. कोणी पाणी पाजतो, कोणी हळद आणतो, कोणी लेकराला उचलून रस्त्याकडे पळत सुटतो. यात प्रेम कमी नसते, तयारी कमी असते. ही तयारी एका घराने करून भागत नाही. ती वस्तीने मिळून करायची असते. म्हणून या वेळचा आरोग्य पाठ जखमी मुलांविषयी आणि वस्तीच्या तयारीविषयी आहे.

बुलढाणा जिल्ह्याला अपघात नवीन नाहीत. खामगाव, नांदुरा, मलकापूर या गावांजवळून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या भागातून समृद्धी महामार्ग जातो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा गावाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी जळून मेले, त्यांत लहान मुलेही होती. ८ जण वाचले, काच फोडून बाहेर पडता आले म्हणून. अशा वेळी जे काही घडते ते पहिल्या काही मिनिटांतच घडते. कोणतीही रुग्णवाहिका, ती कितीही चांगली असली तरी, त्या मिनिटांत पोहोचू शकत नाही.

पण आपली मुले फक्त महामार्गावर जखमी होत नाहीत. चुलीवरचे वरण अंगावर सांडते. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरतो. मळणी यंत्रात हात जातो. घराच्या धाब्यावरून, बोरीच्या झाडावरून पडणे होते. रात्री जमिनीवर झोपलेल्या लेकराला साप चावतो. तिथेही पहिली दहा मिनिटे शेजाऱ्यांच्याच हातात असतात.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

हे एक वाक्य समजले तर पुढचे सगळे सोपे होते.

साठ किलोच्या माणसाच्या अंगात चार लिटरच्या आसपास रक्त असते. दहा किलोच्या लेकराच्या अंगात साधारण पाऊण लिटर. म्हणजे चहाचे दोन कप रक्त गेले तर मोठ्याला थोडी चक्कर येईल, पण त्या लेकराचे पाव रक्त गेलेले असते. म्हणून मुलाच्या बाबतीत ‘थोडंसंच रक्त गेलं’ असे म्हणू नये.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. मुलाचे शरीर बराच वेळ सावरून धरते. हृदय जोरात धावते, हातापायांतले रक्त आत ओढले जाते आणि मूल बसलेले, बोलणारे दिसते. मग ते अचानक कोसळते. ‘लेकरू तं बोलते ना, मंग काय झालं?’ असे म्हणून सकाळपर्यंत वाट पाहणारी घरे आपल्याकडे आहेत. त्यांना सांगायला हवे की जखमी मूल बोलते आहे, एवढ्यावर ते बरे आहे असे ठरत नाही. पुढील खुणा पाहा:

१. हातपाय गार पडणे, तळहात आणि ओठ फिके दिसणे. सावळ्या कातडीवर फिकेपणा पटकन कळत नाही, म्हणून तळहात, ओठ आणि डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पाहावी.
२. श्वास जोरजोरात चालणे, बरगड्यांखाली खड्डा पडणे.
३. मूल सुस्त होणे, नेहमीसारखे न रडणे, आईकडे पाहूनही न ओळखणे. आधी खूप रडणारे मूल एकदम शांत झाले तर तो आराम समजू नये, धोका समजावा.
४. छातीवर बोट दाबून सोडल्यावर फिकी झालेली जागा पूर्ववत व्हायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागणे.

यांतले एकही लक्षण दिसले तर थांबू नका.

तिसरी गोष्ट उबेची. मुलाचे शरीर लवकर गार पडते आणि गार पडलेल्या जखमी मुलाचे रक्त थांबायलाही वेळ लागतो. म्हणून ओले कपडे काढा, गोधडी पांघरा. उन्हाळा असला तरी.

पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे

रक्तस्राव: स्वच्छ सुती कापड जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा. थांबले का, हे पाहायला सारखे उचलू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. माती, चुना, तंबाखू, कॉफी, हळद काहीही भरू नका. काही रुतलेले असेल तर ते ओढून काढू नका. धनुर्वाताच्या लसीबद्दल दवाखान्यात विचारा.

उंचावरून पडणे, गाडीची धडक: लेकराला हातपाय धरून उचलू नका. मानेला झटका बसू देऊ नका. डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी मिळून फळीवर किंवा खाटेवर घ्या. इथे एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. सपाट फळीवर निजवले की त्याची मान पुढे वाकते आणि श्वासाची वाट अडते. म्हणून खांद्यांखाली आणि पाठीखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे मान सरळ राहील. डोक्याखाली उशी देऊ नका. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, झटके, गुंगी, किंवा कानानाकातून पाणी अथवा रक्त आले तर लगेच मोठा दवाखाना गाठा.

भाजणे: चूल विझवा, अंगावरचे कपडे आणि दागिने, बांगड्या, करदोटा काढा, चिकटलेले कापड ओढू नका. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी ओता. भाजून तीन तासांच्या आत केले तरी उपयोग होतो. उन्हाळ्यात नळाला पाणी नसते हे आम्ही जाणतो. अशा वेळी स्वच्छ फडके भिजवून ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा भिजवा. बाकीचे अंग मात्र पांघरुणाने उबदार ठेवा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, शाई लावू नका, फोड फोडू नका. किती भाजले ते मोजायचे असेल तर त्या मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसह म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का धरा. दहा तळहातांएवढे भाजले तर मुलाला सलाईनची गरज पडते. चेहरा, हात, सांधे किंवा लघवीची जागा भाजली असेल तर कितीही कमी असले तरी दवाखान्यात न्या.

बुडणे: पोहता येत नसेल तर उडी मारू नका. दोर, साडी, काठी, हवा भरलेली ट्यूब फेका. बाहेर काढल्यावर मुलाला उलटे टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात जीव वाचवण्याचा वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा. तीस वेळा दाबणे, दोन श्वास, पुन्हा तीस वेळा. छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश खाली जाईल एवढे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हाताने शिकावे लागते.

साप आणि विंचू: चावलेला भाग हलवू नका, घट्ट दोर बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. सापाचे विष मुलाच्या लहान अंगात मोठ्या माणसाइतकेच जाते. म्हणून मुलालाही लस मोठ्याइतकीच द्यावी लागते. ‘एवढ्याशा लेकराला इतकी औषधं?’ म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना अडवू नये.

विंचवाची गोष्ट तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाची आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर रायगडमधील महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर होते. विंचू चावलेली मुले डोळ्यांदेखत दगावत होती. विषाचा घाव हृदयावर बसतो हे त्यांनी रुग्णांजवळ बसून, तपासून, नोंदी ठेवून शोधले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरायला सुरुवात केली. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. गंभीर रुग्णांतील मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम गावच्या आरोग्य केंद्रातून झाले. केंद्र लहान असले तरी तयारी मोठी असू शकते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

बरोबर काय न्यायचे? वजनाचा आकडा

मुलांची बहुतेक औषधे वजनावर ठरतात. घाईत, रात्री, रडणाऱ्या मुलाला काट्यावर ठेवणे जमत नाही आणि अंदाज चुकतो. अंगणवाडीत पाच वर्षांखालच्या मुलांचे वजन नियमित केले जाते. ते कार्ड घरात सापडेल अशा जागी ठेवा आणि दवाखान्यात जाताना बरोबर घ्या. मोठ्या मुलांचे वजन तीन-चार महिन्यांतून एकदा करून दाराच्या आतल्या बाजूला तारीख घालून लिहून ठेवा. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, आधीचा कोणता आजार आहे, तेही लिहा.

आईला किंवा जवळच्या माणसाला मुलाजवळच ठेवा. ओळखीचा आवाज ऐकून मुलाचा श्वास शांत होतो, शिवाय कुठे दुखते हेही मूल तिलाच सांगते.

वस्तीने करायची तयारी

आपली वस्ती बहुधा गावाच्या टोकाला असते. गल्ल्या अरुंद, पाट्या नाहीत, रात्री दिवे नाहीत. रुग्णवाहिका गावात येते आणि वस्ती शोधत फिरते. हे बदलायला पैसा फारसा लागत नाही.

१. १०८ ला फोन करताना सांगायचे वाक्य विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा: तालुका, गाव, वस्तीचे नाव, जवळची खूण, कोणत्या रस्त्याने यायचे. घाबरलेल्या माणसाला ते वाचून दाखवता येते. मुलाचे वय आणि काय झाले हे लगेच सांगा. ११२ हा क्रमांकही चालतो.

२. फोन झाला की दोन तरुण बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यावर उभे राहतील, हे आधीच ठरवा. गल्लीतल्या मोटारसायकली कोण हलवणार, तेही ठरवा.

३. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर कोणाची जीप, कोणाचा ऑटो, हे नावानिशी लिहा. रात्री फोन उचलेल असाच माणूस निवडा.

४. विहारात एक पेटी ठेवा: धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती साड्यांच्या पट्ट्या, क्रेप बँडेज, कात्री, हातमोजे, साबण, बॅटरी, मोडलेल्या हातापायाला आधार द्यायला जाड पुठ्ठे. दर महिन्याला कोण पाहणार, ते नाव पेटीवर लिहा.

५. महिला मंडळातून दोन आणि तरुणांतून दोन अशी किमान चार माणसे तयार करा. दिवसा पुरुष कामावर असतात, म्हणून बायांना शिकवणे अधिक गरजेचे. आशाताईंना सोबत घेऊन आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना रविवारच्या वंदनेनंतर बोलवा आणि बाहुलीवर सराव मागा. तीन महिन्यांनी पुन्हा करा, नाहीतर हात विसरतात.

६. दीक्षाभूमी किंवा चैत्यभूमीला टेम्पो, बसने निघताना पेटी बरोबर घ्या. मुलांना मागच्या फाळक्याजवळ बसवू नका. बसमध्ये बसल्याबरोबर बाहेर पडायची दुसरी वाट आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे, ते पाहा.

दवाखान्याची तयारी विचारणे हा हक्क आहे

१०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. पण गाडीत, आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मुलांच्या मापाचे सामान आहे का, हे आपण विचारले पाहिजे. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत हे प्रश्न लेखी द्या: मुलांच्या मापाचा प्राणवायूचा मास्क आणि श्वास देण्याची पिशवी आहे का? सर्पदंशाची लस आज किती आहे? रात्री कोण असते? मोठ्या रुग्णालयात, म्हणजे बुलढाणा, खामगाव किंवा पुढे अकोला, संभाजीनगर इथे पाठवताना आधी फोन केला जातो का? उत्तर लेखी मागा.

‘आधी पोलिसांत जा, मग उपचार’ असे कोणी म्हटले तर ते चूक आहे. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सरकारी असो की खाजगी, डॉक्टरने जीव वाचवण्याचे उपचार आधी द्यायचे. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. आपले नाव, पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ च्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार पैसे न भरता मिळतो. हे माहीत नसल्यामुळे आपली माणसे रस्त्यावर पडलेल्याजवळ जायला भितात आणि आपल्या जखमी लेकराला घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात फिरतात. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी हे मुद्दे कागदावर लिहून पेटीतच ठेवावेत.

घरी आल्यावर

जखम भरली तरी मूल रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, गाडी पाहून लपते. त्याला रागावू नका, चिडवू नका. काय घडले ते त्याच्या शब्दांत बोलू द्या, लवकर शाळेत आणि खेळात परत पाठवा. महिनाभरात भीती कमी झाली नाही तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या डॉक्टरांना दाखवा.

येत्या रविवारी विहारात तीनच प्रश्न विचारा. आपल्या वस्तीचा पत्ता १०८ ला नीट सांगता येईल असे किती जण आहेत? रात्री दोन वाजता कोणाची गाडी मिळेल? बुडालेल्या लेकराला श्वास द्यायला कोणाला येते? ज्या प्रश्नाला कोणी हात वर करणार नाही, तिथून काम सुरू करा.