ठाण मांडणे म्हणजे काय?

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष लागला की दत्तजयंतीचे वेध लागतात आणि गुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. आमच्या केदारखेड्यात माझ्या वयाची मंडळी एकच अडचण सांगतात, "वाचायची इच्छा लय आहे हो, पण मांडी घालून बसवत नाही. मग ठाण कसं मांडायचं?" एवढ्या कारणावरून काहींनी पारायणच सोडून दिले. म्हणून या 'ठाण' शब्दाकडेच जरा पाहू. मी काही शास्त्री नाही, बँकेतला निवृत्त कारकून. पण शब्दाचंही खातं उघडून पाहता येतं.

'ठाण' आला संस्कृत 'स्थान'वरून. मूळ धातू 'स्था', म्हणजे उभे राहणे, टिकून राहणे. याच घराण्यातले शब्द बघा. पोलिसांचे ठाणे आपण जाणतोच. घोडा बांधायची जागा हेही ठाणच. दिवा ठेवायची उभी घडवंची ती ठाणवई. जुन्या मराठीत 'ठाणमाण' म्हणजे अंगाची ठेवण, डौल. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पुरुषांच्या उभे राहण्याच्या 6 रीती आहेत, त्यांनाही 'स्थान'च म्हटले आहे. त्यातली एक समपाद, म्हणजे दोन्ही पाय सारखे ठेवून उभे राहणे. पंढरीचा विठोबा तसाच उभा आहे. मूर्तिशास्त्रात उभ्या मूर्तीला 'स्थानक' मूर्ती म्हणतात.

आता सांगा, यात मांडी कुठे आली?

बोलण्यातला वापरही तपासू. शत्रूच्या सैन्याने वेशीवर ठाण मांडले, असे आपण म्हणतो. पाव्हणा आठ दिवस हलेना, तर "ठाण मांडून बसलाय" असा टोमणाही मारतो. स्तुती असो की टोमणा, अर्थ एकच : जागेवरून न हलणे.

शास्त्रही हेच सांगते. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाविषयी अवघी 3 सूत्रे आहेत. त्यातल्या पहिल्याचा भाव असा, की जे स्थिर आणि सुखाचे ते आसन. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत धड, डोके आणि मान एका रेषेत ठेवून अचल राहायला सांगतात. गुडघे ठणकत असताना दर दोन मिनिटांनी मांडी बदलली, तर ना स्थिरता राहिली ना सुख.

तेव्हा ज्यांचे गुडघे धरतात त्यांनी खुशाल खुर्ची घ्यावी. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, पाठ सरळ, पोथी डोळ्यांसमोर उंच चौरंगावर. अध्याय सुरू केला की पुरा होईपर्यंत उठू नये, मध्ये बोलू नये, मोबाईल घरी ठेवावा. हे साधले की ठाण मांडले. आपल्या मंदिराची काही वेगळी रीत असेल तर गुरुजींना आधी विचारून घ्यावे.

शेवटी एकच. औदुंबरला विमल पादुका, वाडीला मनोहर पादुका आणि गाणगापुरात निर्गुण पादुका. महाराज कसे बसत, हे न विचारता आपण त्यांची पावले जिथे स्थिरावली तिथे डोके ठेवतो. मग आपल्याच पायांचा एवढा हिशोब कशाला? यंदा सप्ताहाला या. खुर्ची मी धरून ठेवतो.

श्री गुरुदेव दत्त!