घटक ६ : हिबा – मुस्लिम कायद्यातील मालमत्तेचे दान

६.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी सांगता येतील :
• 'हिबा', 'दान', 'सदका' आणि 'बक्षीसपत्र' या संज्ञांतील अर्थभेद
• वैध हिब्याचे तीन आवश्यक घटक
• हिबा आणि मृत्युपत्र यांतील फरक, आणि त्या फरकात क्रियापदाच्या काळाला असलेले महत्त्व
• हिब्याच्या मर्यादा आणि तो परत घेण्याचे नियम

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण खरेदीखत आणि भाडेपट्टा यांच्या भाषेचा विचार केला. त्या दोन्ही व्यवहारांत देणे आणि घेणे यांची परतफेड असते. प्रस्तुत घटकात मोबदला न घेता केलेल्या देण्याचा विचार करावयाचा आहे. भारतात मुस्लिम व्यक्तीने केलेल्या अशा देण्यास तिचा वैयक्तिक कायदा लागू होतो. १९३७ च्या शरीयत अधिनियमाने ज्या बाबी या कायद्याखाली आणल्या, त्यांत दानाचा स्पष्ट उल्लेख आहे. शेतजमिनीसंबंधीचे प्रश्न मात्र त्या कलमातून वगळलेले आहेत.

६.३ शब्दविचार

'हिबा' हा शब्द 'देणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे. 'अब्दुल वहाब' या नावातील 'वहाब' (उदारपणे देणारा) हाही त्याच धातूचा. कायद्याच्या दृष्टीने हिबा म्हणजे एका व्यक्तीने दुसरीस मोबदल्याविना आणि तत्काळ केलेले मालमत्तेचे हस्तांतरण, आणि दुसरीने केलेला त्याचा स्वीकार.

याला मराठीत आपण सहज 'दान' म्हणतो. परंतु अन्नदान, कन्यादान या शब्दांमुळे 'दान' या शब्दाला पुण्याची छटा चिकटली आहे. हिब्यात पुण्याचा हेतू असावाच लागत नाही. तो प्रेमापोटी सधन नातेवाइकासही करता येतो. धार्मिक पुण्यासाठी दिलेल्या देणगीस 'सदका' ही वेगळी संज्ञा आहे, आणि ताबा दिल्यानंतर सदका परत घेता येत नाही.

'बक्षीसपत्र' हा शब्द फारसी 'बख्शीदन' (देणे) या क्रियापदाशी निगडित आहे. त्याची अडचण निराळी आहे. त्यातील 'पत्र' या पदामुळे कागद असलाच पाहिजे, अशी समजूत होते. हिब्याला लेखाची आवश्यकता नाही. म्हणून भाषांतर करताना 'हिबा' ही मूळ संज्ञा राखणे आणि लेख केला असेल तेथेच 'हिबानामा' म्हणणे अधिक अचूक ठरते.

६.४ तीन आवश्यक घटक

(१) इजाब म्हणजे घोषणा : देणाऱ्याने देण्याचा इरादा निःसंदिग्ध शब्दांत प्रकट केला पाहिजे. तो सज्ञान, सुबुद्ध आणि दबावमुक्त असावा, आणि दिलेल्या वस्तूचा मालक असावा.

(२) कबूल म्हणजे स्वीकार : घेणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने पालकाने स्वीकार केला पाहिजे. घेणारा अज्ञान असू शकतो, अन्य धर्माचाही असू शकतो.

(३) कब्जा म्हणजे ताबा : वस्तूच्या स्वरूपानुसार शक्य तो ताबा दिला पाहिजे. भाड्याने दिलेल्या घराच्या बाबतीत भाडेकरूंना 'यापुढे भाडे यांना द्या' असे कळविणे हा ताब्याचाच प्रकार होय.

तिसऱ्या घटकास काही सवलती आहेत. देणारा व घेणारा एकाच घरात राहत असतील, तर देणाऱ्याने घर सोडून जाण्याची गरज नाही. मात्र हक्क सोडल्याचे दर्शविणारी स्पष्ट कृती हवी. पित्याने आपल्या अज्ञान अपत्यास दिले असल्यास, किंवा वस्तू आधीच घेणाऱ्याच्या ताब्यात असल्यास, वेगळा ताबा देण्याची आवश्यकता नसते.

६.५ 'दिले' आणि 'देईन'

हिबा तत्काळ अमलात यावा लागतो. भविष्यात अमलात येणारा, किंवा अद्याप अस्तित्वात नसलेल्या मालमत्तेचा हिबा निरर्थक ठरतो. येथे क्रियापदाचा काळ निर्णायक होतो.

उदाहरण पाहू. एका हनफी विधुर गृहस्थास दोन मुलगे आणि एक मुलगी आहे; त्याचे आईवडील हयात नाहीत. मुलगी त्याच्याजवळ राहून शुश्रूषा करते. तो चारचौघांत म्हणतो, "माझ्यामागे हे घर तुझंच." ऐकणाऱ्यांना हे दान वाटते. पण 'माझ्यामागे' या एका शब्दाने ते विधान मृत्युपत्राच्या प्रांतात जाते, आणि हनफी मतानुसार एका वारसाच्या लाभाचे मृत्युपत्र इतर वारसांच्या संमतीविना अमलात येत नाही. पित्याच्या मृत्यूनंतर भावांनी संमती नाकारली, तर त्या घरात तिचा वाटा एक पंचमांश उरतो. प्रत्येक भावाला दोन पंचमांश मिळतात.

तोच पिता निरोगी अवस्थेत "हे घर मी तुला दिले" असे म्हणाला असता, मुलीने ते स्वीकारले असते, आणि साक्षीदारांसमक्ष घराची कागदपत्रे तिच्या हाती देऊन घरपट्टी तिच्या नावे करून घेतली असती, तर हिबा पूर्ण झाल्याचे सिद्ध करणे तिला शक्य झाले असते. हिबा सिद्ध करण्याचा भार त्यावर हक्क सांगणाऱ्यावर असतो, हे विसरू नये.

६.६ लेख आणि नोंदणी

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १२३ स्थावर मालमत्तेच्या दानासाठी नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेला लेख आवश्यक मानते. मात्र त्याच अधिनियमाच्या कलम १२९ ने मुस्लिम कायद्याचे दानविषयक नियम अबाधित ठेवले आहेत. 'हफीजा बीबी विरुद्ध शेख फरीद' (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तिन्ही घटक पूर्ण असतील तर हिबा केवळ लिहून ठेवला म्हणून त्याची नोंदणी आवश्यक ठरत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे : ताबा दिला नसेल, तर केवळ नोंदणीने हिबा पूर्ण होत नाही.

६.७ मर्यादा

मृत्युपत्राने, वारसांची संमती नसल्यास, एक तृतीयांश मालमत्तेपलीकडे देता येत नाही. हिब्याला ही मर्यादा नाही. हयातीत सर्व मालमत्ता देता येते. अपवाद 'मर्ज-उल-मौत' म्हणजे मृत्यूस कारणीभूत झालेल्या अंतिम आजाराचा. अशा आजारात मृत्यूच्या भयाने केलेल्या हिब्याला मृत्युपत्राची एक तृतीयांशाची मर्यादा लागू होते.

अविभक्त हिश्शाला 'मुशा' म्हणतात. विहीर किंवा जिना यांसारख्या अविभाज्य वस्तूतील हिश्शाचा हिबा वैध असतो. विभाज्य मालमत्तेतील हिश्शाचा हिबा हनफी कायद्यात अनियमित मानला जातो. नंतर वाटणी करून ताबा दिल्यास तो दोष दूर होतो. सहवारसास दिलेल्या हिश्शाला हा नियम लागू नाही. शिया कायदा असा हिबा वैध मानतो.

६.८ हिबा परत घेणे

ताबा देण्यापूर्वी हिबा केव्हाही परत घेता येतो. ताबा दिल्यानंतर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. पती-पत्नींमधील हिबा, विवाहास निषिद्ध अशा जवळच्या रक्तसंबंधातील हिबा, तसेच घेणारा मरण पावला असता किंवा त्याने वस्तू विकली असता, हिबा परत घेता येत नाही. मोबदला देऊन पूर्ण झालेला 'हिबा-बिल-इवज' हाही परत घेता येत नाही.

६.९ सारांश

घोषणा, स्वीकार आणि ताबा हे हिब्याचे तीन आधार आहेत. कागद हा पुरावा होऊ शकतो, पण ताब्याची जागा घेऊ शकत नाही. बोललेला शब्द येथे कायदेशीर कृती ठरतो. म्हणून तो कोणत्या काळात आणि कोणत्या अवस्थेत उच्चारला, याची नोंद भाषेच्या अभ्यासकाने अचूक घेतली पाहिजे.

६.१० स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'बक्षीसपत्र' ही संज्ञा 'हिबा' या संज्ञेस तंतोतंत पर्याय का ठरत नाही?
२. "पुढच्या ईदला ही दुकानाची जागा तुला देईन" या विधानाने हिबा होतो काय? सकारण लिहा.
३. हिबा आणि मृत्युपत्र यांची मर्यादा आणि अंमल या दोन मुद्द्यांवर तुलना करा.